ॲसिटोनच्या वाफेवर पहारा : नाहूरच्या गाळ्यांसाठी भरवशाचा सेन्सर

मध्य रेल्वेवर भांडुप आणि मुलुंड यांच्या मध्ये नाहूर स्टेशन लागते. लालबहादूर शास्त्री मार्गालगतच्या या पट्ट्यात एके काळी रंग, टायर, औषधे आणि इंजिनिअरिंगच्या मोठ्या कारखान्यांचे राज्य होते. त्यांपैकी कित्येकांच्या जागी आज उंच इमारती उभ्या आहेत. मोठे कारखाने गेले, तरी छोटे गाळे मात्र टिकून आहेत. फायबरच्या वस्तू, छपाई, पत्र्यावरचे रंगकाम, साइनबोर्ड अशा नाना तऱ्हेच्या कामांवर शेकडो कुटुंबांची रोजी चालते. यांतील बहुतेक कामांत कोठे ना कोठे द्रावक लागतो, आणि द्रावकांमध्ये ॲसिटोनचे नाव वरच्या क्रमांकावर आहे.

फायबरचे काम करणारा कामगार रेझिनने माखलेला ब्रश आणि रोलर ॲसिटोनमध्येच धुतो. नेलपॉलिश काढण्याच्या बाटलीत तेच, थिनरच्या डब्यात तेच आणि औषधनिर्मितीतही तेच. फिनॉल तयार करताना ते जोड-उत्पादन म्हणून मिळते. पूर्वी आपल्याकडे कोचीच्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचा माल प्रामुख्याने चाले. २०१८ साली गुजरातमध्ये दहेज येथे दीपक फिनॉलिक्सचा मोठा प्रकल्प सुरू झाला. माल सहज मिळतो, स्वस्त पडतो आणि लवकर उडून जातो. नेमक्या याच तीन गुणांमुळे त्याच्याकडे दुर्लक्ष होते.

या वाफेचा सुगावा वेळेवर देणारा, खिशाला परवडणारा सेन्सर कोणता, तो सुधारावा कसा आणि त्यात आपल्या तरुणांना धंद्याची संधी आहे काय, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

एक लिटरचा हिशेब

ॲसिटोन ५६ अंश सेल्सिअसला उकळते. पण त्याची वाफ पेट घेण्यास उकळण्याची गरज नसते. उणे २० अंशांच्या आसपासच्या थंडीतही त्यावर पेटण्याजोगी वाफ जमू शकते. हवेत २.५ टक्के वाफ झाली की ठिणगी पुरेशी होते. ही वाफ हवेच्या दुप्पट जड असल्याने ती वर न जाता जमिनीलगत पसरते.

आता एका लहान गाळ्याचा हिशेब मांडून पाहू. दहा फूट बाय पंधरा फूट आणि दहा फूट उंची, म्हणजे साधारण ४२ घनमीटर हवा. एक लिटर ॲसिटोन सांडून पूर्ण उडाले तर सुमारे ३३० लिटर वाफ होते. ती सगळ्या खोलीत सारखी मिसळली तर प्रमाण ०.७८ टक्क्यांच्या घरात जाते. म्हणजे धोक्याच्या मर्यादेचा जवळजवळ एक तृतीयांश रस्ता एका लिटरने कापला. सव्वातीन लिटर सांडले तर संपूर्ण गाळा पेटण्याच्या मर्यादेला पोचतो. पण वाफ सारखी मिसळत नाही, ती खाली साचते. म्हणून एका लिटरनेही टेबलाखालचा भाग धोक्यात येतो, आणि एक्स्टेन्शन बोर्ड बहुधा तेथेच पडलेला असतो.

आगीशिवाय प्रकृतीचाही प्रश्न आहे. अमेरिकेतील ‘नायोश’ ही संस्था कामाच्या पाळीत हवेतील ॲसिटोनचे सरासरी प्रमाण दहा लाखांत २५० भागांच्या, म्हणजे २५० पीपीएमच्या वर जाऊ नये असे सांगते. २,५०० पीपीएम हे प्रमाण तिने जिवाला तत्काळ धोका मानले आहे, कारण ते पेटण्याच्या मर्यादेच्या दहा टक्के होते. “आम्हाला वास येतोच की!” असे कामगार म्हणतात. परंतु रोजच्या वासाला नाक सरावते आणि मग ते खबर देत नाही. पहारा नाकावर सोपवता येत नाही, तो यंत्रावरच सोपवावा लागतो.

सेन्सर ओळखतो कसा?

आज बाजारात जे स्वस्त वायू-सेन्सर मिळतात त्यांचे मूळ जपानमध्ये आहे. १९६२ साली जपानमध्ये दोन कामे जवळजवळ एकाच वेळी झाली. क्युशू विद्यापीठात सेइयामा यांनी झिंक ऑक्साइडच्या पातळ थराने वायू ओळखता येतो हे दाखविले. त्याच वर्षी नाओयोशी तागुची यांनी अशा सेन्सरच्या पेटंटसाठी पाऊल टाकले. पुढे १९६९ मध्ये स्थापन झालेल्या फिगारो कंपनीने कथील, म्हणजे टिन, ऑक्साइडचे सेन्सर घराघरांत पोचविले. तेथे उद्देश होता स्वयंपाकाच्या गॅसची गळती पकडण्याचा. याच कंपनीचा टीजीएस ८२२ हा सेन्सर मद्यार्क व द्रावकांच्या वाफांसाठी प्रसिद्ध झाला. चिनी बनावटीची ‘एमक्यू’ मालिका याच तत्त्वावर चालते.

तत्त्व समजण्यास सोपे आहे. टिन, जस्त किंवा टंगस्टन यांच्या ऑक्साइडचा थर एका बारीक हीटरने ३०० ते ४०० अंशांपर्यंत तापवतात. हवेतील प्राणवायू या थराच्या कणांवर चिकटतो आणि कणांतील इलेक्ट्रॉन धरून ठेवतो. त्यामुळे थराचा विद्युतरोध वाढतो. ॲसिटोनची वाफ आली की ती या चिकटलेल्या प्राणवायूबरोबर जळते. धरलेले इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि रोध झपाट्याने उतरतो. ही उतरण मोजली की वाफेचे प्रमाण कळते.

अडचणही याच तत्त्वात दडलेली आहे. प्राणवायूबरोबर जळणारी वाफ ॲसिटोनचीच असेल असे नाही. स्पिरिट, थिनर, सॅनिटायझर, फवारणीचे सेंट, गॅसची गळती, सर्वांना सेन्सर जवळजवळ एकच उत्तर देतो. पावसाळ्यात हवेतील पाण्याचे रेणू कणांवर बसतात आणि आकडा बदलतो. सिलिकॉनची वाफ तर सेन्सरचा कायमचा घात करते. साच्यातून वस्तू सुटावी म्हणून मारला जाणारा सिलिकॉन स्प्रे, सीलंटची नळी यांतून ती वाफ येते आणि कणांवर काचेसारखा थर धरते. मग सेन्सर जिवंत दिसतो, पण बोलत नाही.

आम्ही भेटलेल्या एका गाळेधारकाने हौसेने अलार्म बसविला होता. शेजारच्या गाळ्यात स्पिरिटने छपाईचे रोलर पुसले की तो वाजे, पावसाच्या सरीबरोबर वाजे, कधी कारणाशिवाय वाजे. तिसऱ्या आठवड्यात कारागिरांनी त्याची वायर काढून ठेवली. “रोज खोटे ओरडणाऱ्याचे कोण ऐकणार, भाई?” असा त्यांचा सवाल होता. आमच्या मते सेन्सर सुधारणेचा सारा प्रश्न या एका सवालात आला. वाफ पकडणे फारसे अवघड राहिलेले नाही. पकडलेल्या वाफेबद्दल खरे बोलणे आणि वर्षभर खरे बोलत राहणे अवघड आहे.

प्रयोगशाळांनी काय साधले?

संशोधकांनी या प्रश्नाला चार बाजूंनी हात घातला आहे.

पहिली बाजू कणांच्या आकाराची. जपानमध्ये यामाझोए व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली दाखवून दिले की टिन ऑक्साइडचा कण सुमारे ६ नॅनोमीटरपेक्षा लहान झाला की सेन्सरची तीक्ष्णता एकदम वाढते. कारण अशा कणाचा जवळजवळ सगळाच भाग पृष्ठभागासारखा वागू लागतो. मात्र इतके बारीक कण ४०० अंशांच्या उष्णतेत हळूहळू एकमेकांना चिकटून मोठे होतात. तीक्ष्णतेबरोबर टिकाऊपणाही साधावा लागतो.

दुसरी बाजू मिश्रणाची. पॅलेडियम, प्लॅटिनम किंवा सोने यांचा कणभर अंश मिसळला की तो उत्प्रेरकाचे काम करतो. प्रतिक्रिया वेगाने होते आणि हीटरचे तापमानही कमी ठेवता येते.

तिसरी बाजू योग्य ऑक्साइड निवडण्याची. ॲसिटोनच्या रेणूत विद्युतभाराची वाटणी असमान असते, मद्यार्कापेक्षाही जास्त. टंगस्टन ऑक्साइडची एक विशिष्ट स्फटिक-रचना अशा रेणूला अधिक ओढून घेते. पण ही रचना एरवी टिकत नाही, ती टिकावी म्हणून तीत क्रोमियम किंवा सिलिकॉनचे अणू मिसळतात. येथे वाचकांनी एक फरक लक्षात घ्यावा. पावडर बनवतानाच मिसळलेला सिलिकॉन सेन्सरला स्थैर्य देतो, वरून वाफेच्या रूपाने बसलेला सिलिकॉन त्याला मारतो. झुरिकच्या ईटीएच संस्थेतील प्रॅटसिनिस यांच्या गटाने २०१० मध्ये असा सेन्सर प्रसिद्ध केला. ९० टक्के आर्द्रतेतही तो अब्जात २० भाग इतके अल्प ॲसिटोन ओळखत होता. मुंबईच्या जुलै महिन्यात राहणाऱ्यांना या ९० टक्क्यांचे मोल वेगळे सांगावयास नको.

चौथी बाजू गाळणीची. सेन्सरच्या आधी वाफेला एका गाळणीतून नेतात. याच ईटीएच गटाने पुढे ॲल्युमिनावर प्लॅटिनम बसवलेली तापवलेली गाळणी वापरली. ती मद्यार्क व इतर वाफा वाटेतच जाळून टाकते आणि ॲसिटोनला पुढे जाऊ देते. गॅस-अलार्ममध्ये वापरला जाणारा कोळशाचा फिल्टर येथे उपयोगी नाही, कारण कोळसा ॲसिटोनही पिऊन टाकतो. असा फिल्टर असलेला घरगुती गॅस-अलार्म आणून ॲसिटोनवर पहारा बसविल्याचे समाधान कोणी मानू नये.

हे काम केवळ परदेशात चालते असेही नाही. अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञान विभागात स्क्रीन-प्रिंटिंगने ऑक्साइडचे जाड थर छापून वायू-सेन्सर तयार करण्यावर बरेच संशोधन झाले. छपाईचा कारागीर ज्या जाळीने कार्ड छापतो, तत्त्वतः त्याच जाळीने! कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात द्रावण फवारून तापलेल्या काचेवर ऑक्साइडचे पातळ थर बसविण्याची जुनी परंपरा आहे. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि सी-मेट या संस्था अशा पदार्थांवर काम करीत आल्या आहेत. नाहूरपासून हाकेच्या अंतरावर पवईची आय.आय.टी. आहे. तेथेच वाढलेल्या नॅनोस्निफ कंपनीचे स्फोटके हुंगणारे यंत्र २०२१ मध्ये बाजारात आले. त्याचे तत्त्व वेगळे आहे. तरी पण प्रयोगशाळेतील सेन्सर विक्रीच्या वस्तूपर्यंत नेता येतो, याचे ते जवळचे उदाहरण होय.

गाळ्यात करता येण्याजोगी सुधारणा

ऑक्साइडची पावडर बनविणे गाळ्यात होणारे काम नाही. पण तयार सेन्सर घेऊन त्याला विश्वासू बनविण्याचे बरेचसे काम गाळ्यातच होते आणि ते आपल्या मुलांना जमण्याजोगे आहे. लॅमिंग्टन रोडवर एमक्यू-२ किंवा एमक्यू-३ चे मोड्यूल काही शे रुपयांत मिळते. पण पहिला स्वयंपाकाच्या गॅससाठी आहे व दुसरा मद्यार्कासाठी. द्रावकांसाठी एमक्यू-१३८ किंवा टीजीएस ८२२ च्या जातीचा सेन्सर घ्यावा. तो महाग पडतो, परंतु येथे काटकसर करू नये.

नवा सेन्सर लावल्याबरोबर विश्वास ठेवण्याच्या लायकीचा नसतो. त्याला निदान दोन दिवस सतत तापत ठेवावे, त्यानंतरच मोजणीस घ्यावे.

मोजणीसाठी महागडे गॅस-सिलिंडर नसले तरी प्राथमिक काम अडत नाही. घट्ट झाकणाचा २० लिटरचा स्टीलचा डबा घ्यावा. प्लास्टिकचा नको, ॲसिटोन प्लास्टिकमध्ये मुरते. आत सेन्सर, लहान पंखा आणि आर्द्रतामापक ठेवावा. मायक्रोलिटर सिरिंजने १ मायक्रोलिटर ॲसिटोन सोडले की डब्यात सुमारे १६.५ पीपीएम वाफ होते. ६ मायक्रोलिटरला १०० आणि १५ मायक्रोलिटरला जवळजवळ २५० पीपीएम. इतक्या अल्प वाफेला आगीचा धोका नाही, मात्र ॲसिटोनची बाटली दूर व बंद असावी. प्रत्येक प्रमाणाला सेन्सरचा रोध वहीत उतरवावा. लॉगरिथमच्या कागदावर हे बिंदू जवळपास सरळ रेषेत येतात. ती रेषा म्हणजे त्या सेन्सरची जन्मपत्रिका. दोन सेन्सरांची पत्रिका सारखी नसते, म्हणून प्रत्येकाची वेगळी काढावी.

हाच प्रयोग स्पिरिटनेही करावा. ५ मायक्रोलिटर मद्यार्काने त्याच डब्यात १०० पीपीएमच्या आसपास वाफ होते. मग हीटरचे तापमान थोडे बदलून पाहावे. दोन वाफांचे उत्तर तापमानाबरोबर वेगवेगळे बदलते. एकाच सेन्सरला आळीपाळीने दोन तापमानांवर चालवून किंवा दोन निरनिराळे सेन्सर शेजारी ठेवून त्यांच्या आकड्यांची तुलना केली, तर खोटे अलार्म बरेच कमी होतात. जोडीला आर्द्रतेची दुरुस्ती हवीच. जानेवारीत काढलेली रेषा जुलैत चालत नाही, दोन्ही ऋतूंत मोजणी करावी.

बसविताना सेन्सर जमिनीपासून फूटभर उंचीवर, ॲसिटोन वापरण्याच्या जागेजवळ असावा. छतालगत लावलेला सेन्सर शेवटी जागा होईल. सिलिकॉन स्प्रे त्याच्या जवळ मारू नये. इशारे दोन ठेवावेत. २५० पीपीएमला दारे-खिडक्या उघडा, २,५०० ला काम थांबवा आणि बाहेर पडा.

येथे सावधान!

काही गोष्टी आम्ही स्पष्टपणे सांगू इच्छितो. सेन्सरच्या आत ४०० अंशांचा हीटर असतो. चांगल्या सेन्सरवर ज्वाला बाहेर न येऊ देणारी जाळी असते, पण त्याचे सर्किट, रिले आणि चार्जर उघडेच राहतात. रिले पडताना ठिणगी उडते. जेथे द्रावकाचा मोठा साठा आहे किंवा वाफ नेहमीच दाट असते, अशा जागी हाताने जोडलेली पेटी चालणार नाही. तेथे नागपूर येथे मुख्यालय असलेल्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेची मान्यता असलेले फ्लेमप्रूफ उपकरणच हवे. त्यात बहुधा उत्प्रेरकी मणी किंवा इन्फ्रारेड पद्धतीचा सेन्सर असतो. गाळ्यातील पेटी ही लवकर इशारा देणारी मदतनीस आहे, प्रमाणित उपकरणाची जागा ती घेऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट, अलार्मला साधा एक्झॉस्ट पंखा जोडण्याचा मोह अनेकांना होतो. वाफ भरलेल्या जागी साधी मोटर सुरू करणे म्हणजे स्वतःच्या हाताने काडी ओढणे होय. पंखा फ्लेमप्रूफ असावा, बटण गाळ्याबाहेर असावे. इशारा झाल्यावर आत कोणी दिव्याचे बटणदेखील दाबू नये.

श्वासातील ॲसिटोन

या सेन्सरांच्या जाहिरातींत मधुमेहाचा उल्लेख वाढू लागला आहे. शरीर साखरेऐवजी चरबी जाळू लागले की श्वासात ॲसिटोन वाढते. निरोगी माणसाच्या श्वासात ते १ पीपीएमच्या आत असते, मधुमेहींमध्ये १.८ पीपीएमच्या वर जाते असे अनेक संशोधन-लेखांत मांडले जाते. परंतु उपवासानेही ते वाढते, व्यायामानेही वाढते. रमजानमध्ये रोजेदाराच्या श्वासात ते वाढलेले आढळले तर तो मधुमेहाचा पुरावा होत नाही. रक्तातील साखरेशी या आकड्याचा मेळ प्रत्येक रुग्णात बसत नाही. शिवाय २०२० पासून आपल्या देशात सर्व वैद्यकीय उपकरणे औषध-कायद्याच्या कक्षेत आली आहेत. परवान्याशिवाय असे यंत्र निदानासाठी विकणे गुन्हा ठरेल. मधुमेहींनी रक्ततपासणी आणि डॉक्टर सोडून अशा यंत्राच्या नादी लागू नये, आणि आपल्या तरुणांनी धंद्याची सुरुवात येथून करू नये.

धंदा कोठे आहे?

सेन्सरच्या उत्पादनात जपान व चीनशी टक्कर देणे लहान भांडवलात शक्य नाही. परंतु त्या कंपन्या नाहूरच्या गाळ्यात येऊन डब्यात मोजणी करून देणार नाहीत. तेच काम रिकामे पडले आहे. योग्य सेन्सर निवडणे, त्याची पत्रिका काढणे, जागा पाहून बसविणे आणि दर तीन महिन्यांनी येऊन तपासणे, असा वर्षाचा करार करता येईल. तपासणीची तारीख व आकडे लिहिलेले कार्ड पेटीवर लटकवावे. गाळेधारकाला पेटीपेक्षा त्या कार्डाचा भरवसा अधिक वाटेल.

भायखळ्याचे साबू सिद्दीक, पनवेलचे काळसेकर अशा संस्थांतून इलेक्ट्रॉनिक्स व त्याच्याशी निगडित विषय शिकलेली मुले नोकरीच्या अर्जांत वर्षे घालवतात. त्यांपैकी दोघा-तिघांनी मिळून एक डबा, एक सिरिंज आणि दहा सेन्सर एवढ्यावर सुरुवात करावी. पहिले सहा महिने केवळ मोजणी करावी, विक्री नंतर. ज्यांना पुढे जावयाचे आहे त्यांनी अमळनेर, कोल्हापूर, पुणे किंवा पवई येथील संशोधकांशी संपर्क साधावा. टंगस्टन ऑक्साइडचा चांगला थर किंवा स्वस्त उत्प्रेरकी गाळणी येथेच तयार झाली, तर तिची मोजणी करणारे हात आधीच तयार असतील.

गाळेधारक बांधवांना आमचे एवढेच सांगणे आहे. ॲसिटोनचा डबा झाकून ठेवा, भिजलेल्या चिंध्या झाकणाच्या लोखंडी पिंपात टाका, एका दिवसाला लागेल तेवढाच माल गाळ्यात ठेवा. एवढे करून मग सेन्सर बसवा, आणि तो खोटा वाजू लागला तर वायर काढू नका, मोजणी करणाऱ्याला बोलवा.